नेस्तरच्या भिंती सांभाळणारी

ओरिसिया बोयचुकने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. दोलिना गावाच्या आजूबाजूला विखुरलेल्या शेतघरांमधून मुलं उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत पोचवायची. सस्कॅचवानच्या हिवाळ्यात पारा उणे पस्तिसावर गेला तरी तिची बस सात वाजून दहा मिनिटांनी पहिल्या फाटकापाशी उभी असे. मागे दंगा झाला तर ती ओरडायची नाही. आरशातून एकदाच बघायची. आज पन्नाशीला आलेले बाप्ये अजून सांगतात की ती नजर त्यांना स्वप्नात दिसते.

मी त्या काळात गावाच्या पोस्टात होते आणि तिच्या शेजारी राहत होते. अजूनही राहते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

२००५ साली शाळा बंद झाली. मुलंच उरली नव्हती. ओरिसियाचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा वर उत्तरेला तेलाच्या कामावर. एकोणसाठाव्या वर्षी बाई एकदम मोकळी झाली आणि ते मोकळेपण तिला सोसेना.

"सवयीने साडेपाचला उठते," ती मला एकदा म्हणाली. "गाडी तापवते. मग बंद करून परत आत येते. जायचं कुठे?"

गावाच्या पंचायतीने तिला बारीकसारीक कामं दिली. सभागृहाच्या किल्ल्या सांभाळायच्या, उन्हाळ्यात गवत कापायचं, पडीक घरांमधलं सामान हलवायचं. या शेवटच्या कामामुळेच ती नेस्तरच्या घरात शिरली.

नेस्तर पावलिक रेल्वेत गँगमन होता. आयुष्यभर त्याने रूळ तपासले आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. गावातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या. कुणाचं लग्न असलं की तो आहेर म्हणून एक रंगवलेली फळी घेऊन यायचा. तिच्यावर नवरानवरी, त्यांची गाय, त्यांचं कुत्रं, सगळं असायचं. रंग विकत घेताना त्याला कुणी पाहिलं नाही. स्टेशनांना द्यायचा तांबडा रंग, कपड्यांना घालायची नीळ, चुलीची काजळी, अंड्याचा बलक, यांतच त्याचं भागायचं. गावात प्रत्येक घरी नेस्तरची एक तरी फळी होती आणि तिचं कौतुक कुणालाच नव्हतं. आमची फळी लोणच्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. शेवचुकांची कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली. नेस्तरने लग्न केलं नाही. १९८९ साली तो वृद्धाश्रमात वारला, आणि जुन्या रेल्वेलाइनीपाशी असलेलं त्याचं दोन खोल्यांचं घर अठरा वर्षं तसंच पडून राहिलं.

२००७च्या ऑक्टोबरात पंचायतीने ठरवलं की ते घर जाळायचं. आमच्याकडे ही नेहमीची रीत आहे. आग विझवणारे सगळे गावातलेच, हौशी. त्यांना सराव हवा असतो, आणि पडीक घरही जातं. ती जागा शेतकऱ्यांच्या सोसायटीला खतांच्या गोदामासाठी दिलेली होती, तेव्हा एका दगडात दोन कामं होणार होती. फक्त जमिनीवर चिकटवलेलं लिनोलियमचं जुनं आच्छादन आधी काढायला हवं होतं, कारण ते जळताना काळाकुट्ट विषारी धूर होतो. ते काम ओरिसियाकडे आलं.

शनिवारी सकाळी ती पहार घेऊन गेली. आतल्या खोलीत कोपऱ्यातून लिनोलियम उचकटताना त्याच्याबरोबर भिंतीवरचा कागदही वीतभर सोलून निघाला. फुलाफुलांचा, पिवळा पडलेला कागद. त्याखाली एक बूट होता. रंगवलेला, चिखलाने भरलेला, एक नाडी सुटलेली.

ओरिसियाने पहार खाली ठेवली आणि कागद आणखी थोडा ओढला. बुटावर विजार आली, विजारीवर चामड्याचा एप्रन, आणि मग कोस्त्या शेवचुक लोहाराचा चेहरा आला. त्याला मरून चाळीस वर्षं झाली होती. पण डाव्या भुवईवरचा डागसुद्धा जागच्या जागी होता.

तिने हात फिरवून पाहिला. कागद फक्त कडेकडेने चिकटवलेला होता. मध्ये खळीचा थेंबही नव्हता. तेव्हा तिला आठवलं की वृद्धाश्रमात जायच्या आधीच्या हिवाळ्यात नेस्तरने तिच्याकडून मैद्याची पिशवी मागवली होती. एवढा मैदा कशाला, असं तिने विचारलं, तर म्हणाला होता, "खळ करायचीय. थंडी आत येते." म्हातारा खोटं बोलला होता. त्याने भिंती झाकून ठेवल्या होत्या, आणि कुणीतरी एक दिवस सहज सोलाव्यात अशा बेताने.

एक वाजता बंब आला. बंबाचा प्रमुख हॅरी दानिलुक. गावाचा मेयरही तोच, कारण निवडणुकीला दुसरं कुणी उभं राहत नाही. आवाज मोठा, पोट मोठं, मन त्यामानाने लहान, असं त्याची बायकोच सांगायची. ओरिसिया दाराच्या पायरीवर बसलेली होती.

"ओरिसिया, सरक. पोरं जाड कपडे चढवून उभी आहेत, घामाघूम झालीत."

"होऊ देत. तू आत ये. आणि बूट काढ."

"जाळायच्या घरात बूट काढू?"

"काढ म्हटलं ना."

हॅरीची तिन्ही मुलं ओरिसियाच्या बसमधूनच मोठी झाली होती. तिच्यापुढे फार बोलण्यात अर्थ नाही हे त्याला माहीत होतं. पुटपुटत त्याने बूट काढले आणि मोज्यांनी आत गेला. मी तेव्हा बाहेरच होते. तमाशा बघायला आम्ही वीस-पंचवीस जणं जमलो होतो.

हॅरी बाहेर येईना. म्हणून मीही गेले. एव्हाना ओरिसियाने पूर्वेची अख्खी भिंत मोकळी केली होती. हिवाळ्यातलं दोलिना होतं ते, साधारण १९५०चं. धान्याचं उंच लाकडी कोठार, चर्चचा घुमट, गोठलेलं तळं. तळ्यावर दोन मुलं होती. एकाच्या डाव्या पायात स्केट, दुसऱ्याच्या उजव्या. जोडी एकच होती, ती दोघांत वाटून घेतलेली. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती घसरत चालली होती. एकाची टोपी तांबडी, दुसऱ्याची निळी.

"आईने विणल्या होत्या," हॅरी म्हणाला. "निळी माझी."

तांबडी मॉरिसची, हे त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मॉरिस त्याचा धाकटा भाऊ. बापाच्या शेताच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं त्याला छत्तीस वर्षं झाली होती. एका गावात, एका चर्चमध्ये, एका सभागृहात दोघं वावरायचे आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत.

हॅरी बाहेर आला, बूट चढवले, नाक शिंकरलं.

"पाइप गुंडाळा," तो म्हणाला. "आज सराव नाही."

"मग आम्ही जाळायचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"मॉरिसची गवताची गंज जाळा," हॅरी म्हणाला आणि बंबात जाऊन बसला.

पुढचे तीन आठवडे गाव त्या घरात राहायलाच आल्यासारखं होतं. किटलीच्या वाफेवर कागदाच्या कडा सैल करायच्या आणि कागद हलक्या हाताने ओढायचा. ओरिसिया सगळ्यांना रांगेत उभं करायची, दोघांपेक्षा जास्त जणांना आत सोडायची नाही. एकेक चेहरा निघाला की बाहेर हाक जायची, "स्टेफा, तुझी आजी सापडली! हातात हंस आहे!" आणि स्टेफा चिखलातून पळत यायची. एकूण एकशे त्रेचाळीस माणसं निघाली. त्यांखेरीज गाई, घोडे, आणि पाद्रीबाबांच्या खिशातून डोकावणारी बाटली. ती बाटली बघून म्हाताऱ्या तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून हसल्या. "म्हणजे नेस्तरलाही माहीत होतं!"

माझे आजोबा कुंपणाला तार ठोकताना निघाले. मी रडले, कबूल करते.

ओरिसियाचं मात्र कुणीच निघालं नाही. तिचं माहेर कोवलांचं, रेल्वेलाइनीच्या पलीकडच्या अंगाला. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. घरात आईचा एकही फोटो नव्हता. बाप आधीच कमी बोलणारा, नंतर तर आईचं नावही काढायचा नाही. प्रत्येक नवा तुकडा निघाला की ओरिसिया पुढे वाकायची, बघायची आणि सरळ उभी राहायची. एका संध्याकाळी आम्ही दोघीच झाडलोट करत होतो.

"आमचं घर लाइनीच्या पलीकडे होतं ना," ती म्हणाली. "त्याची भिंत तिथवर पोचलीच नसेल."

"अजून चुलीमागचा कोपरा राहिलाय," मी म्हटलं.

"हो. तो राहिलाय."

तो कोपरा धुराने कडक झाला होता. कागद भिंतीला चिकटून बसलेला, वाफेलाही दाद देत नव्हता. सस्काटूनहून जुन्या चित्रांची जाणकार एक बाई येऊन सगळं बघून गेली होती. तिने बजावलं होतं की चुलीमागे आत्ता हात लावू नका, रंग कागदाबरोबर येईल, उन्हाळ्यात भिंत कोरडी झाली की मी स्वतः येऊन काढीन. ओरिसियाने ऐकलं. ती रोज त्या कोपऱ्यासमोरून जायची आणि हात मागे बांधून घ्यायची.

एवढ्यात सोसायटीचं पत्र आलं. एप्रिलमध्ये गोदामाचं काम सुरू होणार, जागा रिकामी हवी. त्यांची चूक नव्हती, जागा त्यांना रीतसर दिलेली होती. सभागृहात बैठक झाली. कुणी म्हणालं फोटो काढून ठेवू. कुणी म्हणालं भिंती कापून नेऊ.

ओरिसिया मागच्या बाकावरून उठली. "घर हलवायचं," ती म्हणाली. "आख्खं. सभागृहाशेजारी जागा आहे. तिथे ठेवायचं आणि लोकांना बघायला उघडायचं. आमच्याकडे आजवर घरं हलली नाहीत का? हॅरी, तुझं स्वतःचं घर ट्रकवरून आलंय."

"माझं फळ्यांचं आहे. नेस्तरचं ओंडक्यांचं, वर मातीचा गिलावा. खड्ड्यात चाक गेलं की भिंत जमिनीवर."

"मग खड्ड्यात चाक घालायचं नाही."

घरं हलवणारा माणूस होता एब फ्रीजन, दोन तासांच्या अंतरावरच्या मेनोनाइट पंथाच्या वस्तीतला. उंच, वाळका, शब्द मोजून वापरणारा. त्याने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, गिलाव्यावर बोटाने टिचक्या मारल्या.

"रस्त्याने जमणार नाही," तो म्हणाला. "ओढ्यावरचा पूल अरुंद आहे. शेतातून न्यावं लागेल, फेब्रुवारीत. जमीन दगडासारखी झाली की. हे शेत कुणाचं?"

सगळ्यांनी हॅरीकडे पाहिलं. शेत मॉरिसचं होतं. वाटणीतलं तेच.

दुसऱ्या दिवशी ओरिसिया हॅरीला आपल्या गाडीत घालून मॉरिसच्या अंगणात घेऊन गेली. मला साक्षीला घेतलं. मॉरिस ट्रॅक्टरखालून बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. दोघं भाऊ तीन हातांवर होते.

"त्याला सांग," हॅरी ओरिसियाला म्हणाला, "की गावाला त्याच्या शेतातून वाट हवी आहे. एक दिवसापुरती."

"त्याला सांग," मॉरिस म्हणाला, "की मला ऐकू येतं, मी बहिरा नाही. आणि सांग की गावाला हवी असेल तर गावाने मागावी. मेयरने नको."

"त्याला सांग की गावाचा मेयर मीच आहे."

"तेच तर गावाचं दुखणं आहे, सांग त्याला."

ओरिसियाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीच आरशातली नजर.

"मी पोस्ट आहे का?" ती म्हणाली. "पोस्टवाली ही बाजूला उभी आहे, तिला तिकीट लावा. मॉरिस, गाडीत बस. तुला एक दाखवायचंय."

मॉरिस मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला, गुडघे छातीशी. नेस्तरच्या घरात तो एकटाच गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याने टोपी काढलेली होती, त्या थंडीत.

"वाट घ्या," तो ओरिसियाला म्हणाला. "माझा ट्रॅक्टरही घ्या. त्याला सांग की मध्ये लुडबुड करू नकोस."

जानेवारीभर आम्ही त्या घराला गुंडाळत होतो. भिंतींवर मऊ कागद, त्यावर घोंगड्या, मग गाद्या, आणि त्या दाबून धरायला फळ्या. गाद्या घरोघरीहून आल्या. महिनाभर निम्मं गाव जमिनीवर झोपलं. स्टेफाने हंसाच्या पिसांची रजई दिली. तिच्या आजीने शिवलेली होती ती, आणि तिने हट्टाने आजीच्या चित्रावरच बांधायला लावली.

घर निघालं त्या दिवशी पारा उणे अठ्ठावीस होता, आभाळ निळंशार. ओरिसिया एबला म्हणाली, "मी आत बसते. भिंतीला पाठ लावून."

"घरात माणूस असेल तर मी इंजिन सुरू करत नाही, बाई."

"एकोणतीस वर्षं मी मुलं नेली आहेत. एकाच्याही डोक्याला टेंगूळ आलं नाही."

"मुलं धरून बसतात," एब म्हणाला. "भिंती धरून बसत नाहीत."

शेवटी ती पुढे चालली. हातात काठी, बर्फात टोचून पाहत, जिथे पोकळ लागेल तिथे लाल फडकं लावत. तिच्यामागे एबच्या ट्रकवर, माणसाच्या चालीने, घर. दोन तासांत आम्ही निम्मं शेत ओलांडलं. लोक दोन्ही बाजूंनी चालत होते, थर्मासातला चहा फिरत होता, कुणी तरी गाणंही धरलं होतं.

तळ्याच्या काठाशी डावीकडचं मागचं चाक खचलं. आत झरा होता, वरून कळण्यासारखं काहीच नव्हतं. घर एका बाजूला कललं आणि आतून आवाज आला, पोत्यातून बटाटे ओतावेत तसा. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

मॉरिसने ट्रॅक्टर आणला, हॅरीने बंब. दोघांनी साखळ्या लावल्या. मॉरिस ओढायला लागला तसा ट्रॅक्टर सरकत सरकत भलतीकडेच निघाला.

"डावीकडे घे, गाढवा!" हॅरी ओरडला. "डावीकडे!"

"माझी डावी की तुझी?" मॉरिस ओरडला.

"डावी एकच असते!"

छत्तीस वर्षांनंतर भाऊ एकमेकांशी बोलले ते असे. त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही. साखळी ताणली गेली, चाक वर आलं, घर सरळ झालं. मग हॅरी बंबातून उतरला आणि आपण काय केलं ते कळल्यासारखा तिथेच थांबला. मॉरिस ट्रॅक्टरवरून त्याच्याकडे बघत होता.

"अजून तसाच बोंबलतोस," मॉरिस म्हणाला.

"तू अजून तसाच आडमुठा आहेस," हॅरी म्हणाला आणि खिशातला थर्मास त्याच्याकडे फेकला.

ओरिसिया या दोघांकडे बघत नव्हती. ती दार उघडून आत गेली होती.

बाकी सगळं गाद्यांनी धरून ठेवलं होतं. गेला तो फक्त चुलीमागचा कोपरा. कागद इतका कडक होता की त्यावर घोंगडी नीट बसली नव्हती. गिलावा छतापासून जमिनीपर्यंत सुटून खाली पडला होता. माती, गवताच्या काड्या, आणि मधूनमधून निळे, तांबडे, पांढरे कण. ती त्या ढिगाशेजारी उकिडवी बसली आणि हातमोजे काढून तुकडे वेचायला लागली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नको. माझं मी करते." तेवढंच.

आईस्क्रीमच्या सहा रिकाम्या बादल्या भरल्या. त्या तिने स्वतःच्या घरी नेल्या.

त्यानंतर महिनाभर ती जेवणाच्या टेबलावर ते तुकडे मांडत बसायची. चिमट्याने उचलायची, उलटसुलट करायची. मी जेवण घेऊन जायचे ते तसंच राहायचं. बहुतेक नुसती माती होती. जुळलं ते इतकंच: तळहाताएवढ्या तुकड्यावर एक हात, बाईचा असावा, बादलीची कडी धरलेला. आणि बाजूला कुंपणाचं टोक. हात कुणाचा ते सांगायला चेहरा नव्हता.

एकदा मॉरिस बघायला आला. बराच वेळ पाहून म्हणाला, "तुझी आईच ही. मला आठवतेय. तुमच्या विहिरीला असंच कुंपण होतं."

"खोटं बोलू नकोस," ओरिसिया म्हणाली. "तू तेव्हा पाच वर्षांचा होतास."

"बरं. मग नाही म्हण. पण नाही कशावरून?"

तिने तो तुकडा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. त्या रविवारी मात्र ती मला म्हणाली, "त्या सस्काटूनच्या बाईचं ऐकलं नसतं तर मी तो कागद ऑक्टोबरातच ओढला असता. रंग आला असता कागदाबरोबर. पण ओढता ओढता एकदा दिसलं तर असतं. हे मनातून जात नाही बघ." मग उठून तिने ताटं घासली, टेबल पुसलं आणि तुकडे एका लाकडी खोक्यात लावले. "पण मग बाकीच्यांचेही गेले असते," ती म्हणाली, "मी कुणाचंच न ऐकणारी असते तर."

जुलैत घर उघडलं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, बायकांनी बटाट्याचं सारण भरलेले पेरोहे आणि कोबीच्या पानात भरलेला भात केला, आणि लांबलांबून गाड्या आल्या. कॅलगरी, एडमंटन, एक तर थेट टोरांटोहून. गावाची वस्ती तेव्हा एकशे बारा. त्या दिवशी सातशे माणसं जेवली. लोकांनी आपापल्या फळ्याही आणल्या, खुराड्यावरच्या, पिंपावरच्या, धुऊन पुसून. त्या बाहेरच्या खोलीत टांगल्या. दारावर पाटी लागली, 'नेस्तर पावलिक चित्रघर'. किल्ली कुणाकडे द्यायची यावर चर्चाच झाली नाही.

रिकामा कोपरा रंगवून घ्यावा असं पुष्कळांचं मत होतं. एडमंटनचा एक चित्रकार फुकट यायला तयार होता. हॅरी म्हणाला, "तुझी बस काढू या तिथे, ओरिसिया. पिवळीधमक."

"नेस्तरच्या भिंतीला कुणी ब्रश लावायचा नाही," ती म्हणाली. "पडलं ते पडलं." आणि कोपरा मातीचाच ठेवला. त्याच्यापुढे काचेखाली तो हात मांडला. चिठ्ठीवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ही बाई कोण ते आम्हांला माहीत नाही.'

गंमत अशी की लोक सर्वांत जास्त तिथेच रेंगाळतात. ज्यांना भिंतीवर आपलं माणूस सापडत नाही ते तर हमखास. कुणी म्हणतं ही माझी आत्या, तिची करंगळी अशीच वाकडी होती. कुणी वादही घालतं. ओरिसिया कुणालाच नाही म्हणत नाही. नुसतं म्हणते, "असेल."

२०१४मध्ये मारितेस दालिसाय आली. ती फिलिपिन्सची, जवळच्या शहरातल्या वृद्धाश्रमात कामाला. शहरात घरभाडं परवडेना म्हणून दोलिनात घर घेतलेली. पहिल्याच रविवारी ती चित्रघरात आली, सगळ्या भिंती पाहिल्या, आणि काचेपुढे उभी राहिली.

"मावशी, ही माझी आजी," ती म्हणाली.

"तुझी आजी इथे कशी येईल?"

"तुम्हीच लिहिलंय ना, माहीत नाही म्हणून."

ओरिसिया खो खो हसली. इतक्या मोठ्याने मी तिला कित्येक वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मारितेस दर बुधवारी यायला लागली. झाडायची, चहा करायची, आणि माणसांची नावं पाठ करायची. 'ह्नात्युक' म्हणताना तिची जीभ अडखळायची आणि ओरिसिया खुर्चीतून ओरडायची, "घशातून काढ, नाकातून नको!"

गेल्या वर्षी ओरिसियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उन्हाळाभर ती दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि पाहुण्यांना मारितेस फिरवायची. ऑगस्टमध्ये विनिपेगहून आलेल्या एका बाईने हंसवाल्या आजीकडे बोट दाखवून विचारलं की हंसाच्या पायाला चिंधी का बांधली आहे? आम्ही ती चिंधी दहा वर्षं पाहत होतो. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तो हंस शेजाऱ्यांचा होता," मारितेस म्हणाली. "चुकून यांच्याकडे यायचा. परत द्यायला सोपं जावं म्हणून आजी चिंधी बांधायची. शेवटी शेजारी म्हणाले, तूच ठेव, चिंध्या संपतील."

पाहुणी हसत पुढे गेली. ओरिसिया खुर्चीतून वळली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या आश्रमातल्या ओल्हाआजींनी. त्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत. मी त्यांना भिंतीचे फोटो दाखवते ना, जेवण भरवताना. एकेका माणसाचं सांगतात. पाच-सहा जण आहेत असे. मी वहीत लिहून ठेवते." तिने पिशवीतून वही काढली. जाड, कोपरे दुमडलेली, निम्म्याहून अधिक भरलेली.

ओरिसियाने चष्मा लावला आणि तिथेच उन्हात बसून वही वाचायला घेतली. अधूनमधून म्हणायची, "अगं बाई," "हे खोटं आहे," "हे मला कुणी बोललं नव्हतं." चित्रघर बंद करायची वेळ झाली तरी तिचं वाचन चाललेलं. हॅरी आणि मॉरिस तिला न्यायला आले होते, गाडी कोण चालवणार यावरून दोघांची हमरीतुमरी सुरू होती.

"मारितेस," ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तुझी ड्यूटी उद्या किती वाजता?"

"सातला, मावशी."

"मला साडेसहाला फाटकापाशी घे. मीही येते. त्या ओल्हाला मला खूप विचारायचंय, लाइनीपलीकडच्यांचंसुद्धा, आणि ब्याण्णव म्हणजे आता उशीर करून चालायचं नाही."